देशी कॉफीगृह साखळीची वाढ आणि फ्रँचायझी पद्धती : एक विवेचन

प्रस्तावना :
जिते (ता. पेण, जि. रायगड) हे पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरील स्थानक असून मुंबई-गोवा महामार्गही जवळूनच जातो. अशा ठिकाणच्या पदवीधर युवकास नामांकित साखळीच्या नावाने दुकान थाटावे असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात कॉफीगृह साखळ्यांच्या वाढीचे स्वरूप स्पष्ट केले असून, वाढीतील जोखीम कोण पत्करतो, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे.

वाढीचे टप्पे :
भारतात कॉफीगृहांची साखळी प्रथम कॉफीच्या प्रसारासाठी निर्माण झाली. १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे असे कॉफीगृह सुरू झाले. पुढे कॉफी बोर्डाने ही गृहे बंद करण्यास प्रारंभ केल्यावर कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून ‘इंडियन कॉफी हाऊस’ टिकविले. येथे नफा-तोट्याचे धनी कामगार सभासदच होते.

दुसरा टप्पा ‘कॅफे कॉफी डे’चा. व्ही. जी. सिद्धार्थ यांनी १९९६ मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर पहिले कॉफीगृह उघडले. घराण्याचे मळे चिकमगळूर भागात असल्याने बियांपासून पेल्यापर्यंतची साखळी एका हाती होती. बहुतांश कॉफीगृहे कंपनीच्या मालकीची होती. म्हणजेच भांडवल व जोखीम कंपनीचीच. २०१९ पर्यंत त्यांची संख्या १,७०० हून अधिक झाली. परंतु स्थावर मालमत्तेसह अन्य व्यवसायांतही गुंतलेल्या या समूहावर सुमारे ७,००० कोटी रुपयांचे कर्ज होते. त्याच वर्षी सिद्धार्थ यांचे निधन झाले. त्यानंतर कर्जफेड व कोरोना साथ यांमुळे २०२१ पर्यंत ही संख्या ६०० च्या खाली आली.

तिसरा प्रकार फ्रँचायझीचा. मालाड स्थानकाजवळ २००१ मध्ये सुरू झालेली वडापावची ‘जम्बोकिंग’ साखळी याच पद्धतीने विस्तारली. येथे नाव व कार्यपद्धती मूळ कंपनीची, तर भांडवल दुकानदाराचे असते.

जोखमीचे गणित :
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दुकानाची मासिक विक्री १,५०,००० रुपये, माल ४५ टक्के, भाडे २०,०००, वेतन ३५,०००, वीज ७,००० व स्वामित्वशुल्क विक्रीच्या ६ टक्के, म्हणजे ९,००० रुपये धरल्यास दुकानदाराकडे ११,५०० रुपये उरतात. विक्री २० टक्क्यांनी घटल्यास त्यास ३,२०० रुपये तोटा होतो. कंपनीला मात्र ७,२०० रुपये मिळतच राहतात. कारण शुल्क नफ्यावर नव्हे, विक्रीवर आकारले जाते. शिवाय प्रारंभीच्या गुंतवणुकीवरील व्याज यात धरलेलेच नाही.

कायदेशीर बाजू :
अमेरिकेत १९७९ पासून लागू असलेल्या नियमानुसार फ्रँचायझी देणाऱ्यास आवश्यक माहिती करारापूर्वी उघड करावी लागते. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ व व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ यांवरच मुख्यतः भिस्त आहे. त्यामुळे करारातील प्रत्येक कलमाचे महत्त्व वाढते.

निष्कर्ष :
कंपनीच्या मालकीची साखळी कर्जाने खचू शकते. फ्रँचायझी साखळीत हीच झळ विखुरलेल्या दुकानदारांना पोहोचते व ती कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. म्हणून साखळीचे यश दुकानांच्या संख्येवरून न मोजता, तीन वर्षांनंतर त्यांपैकी किती चालू राहिली यावरून मोजावे. वाणिज्य शाखेच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून करारवाचन व ना-नफा-ना-तोटा बिंदूचे गणित प्रात्यक्षिक म्हणून करून घेतल्यास, घरची पुंजी गुंतविण्यापूर्वी योग्य प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागेल.