टाळेबंदी आणि मनोरुग्णाचा हक्क
२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १८ व्या कलमाने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. परंतु २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि खेड्यातील रुग्णाची रुग्णालयास नेणारी बसच बंद पडली. त्याच दिवशी दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम प्रसिद्ध झाले, हे खरे. पण घरात एकच फोन आणि भोवती सारे कुटुंब असता मनातले बोलावे कसे? औषधात पडलेला खंड तर प्रार्थनेने भरून निघत नाही. तसा भरवसा आपल्यापैकी काहींनी दिला, हे खेदाने नमूद करतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. उपदेशकाने तो लावून द्यावा व स्वतः खोलीबाहेर थांबावे.