एडिटिंग करताना व्हिडिओ अडकतोय? हार्ड डिस्क फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

धामनोद : लग्नसराई आटोपली की बऱ्याच घरांत एक काम मागे उरतं. फोटोग्राफरने एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये दिलेलं शूटिंग, भाचे-पुतण्यांच्या मोबाइलमधल्या क्लिप आणि त्या सगळ्यातून जमवायची अर्ध्या तासाची फिल्म. धार, देवासकडच्या मराठी घरांची सोयरीक धुळे, नाशिक, पुण्यापर्यंत पसरलेली. जे येऊ शकले नाहीत त्यांना फिल्म पाठवायची असते. मुलगा लॅपटॉप घेऊन बसतो, डिस्क जोडतो आणि व्हिडिओ दोन-दोन सेकंदांनी अडकायला लागतो. कधी नुसता आवाज येतो, चित्र काळं. कधी स्क्रीनवर ‘मीडिया ऑफलाइन’ झळकतं.

इथे बहुतेकांचा संशय हार्ड डिस्कवर जातो. ‘खराब झाली, फॉरमॅट मारून टाक’ असा सल्ला देणाराही कोणीतरी असतोच. खरं नुकसान तिथे होतं. व्हिडिओ अडकणं आणि व्हिडिओ नष्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या आजोबांचा आवाज फक्त त्याच एका क्लिपमध्ये आहे, ती क्लिप दुसऱ्यांदा शूट होत नाही.

दोष नेमका कुठे?

पाच मिनिटांची एक तपासणी करा. अडकणारी फाइल आधी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरबाहेर, व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट डिस्कवरून चालवा. मग तीच फाइल लॅपटॉपमध्ये कॉपी करून पुन्हा चालवा.

– व्हीएलसीत नीट चालते, एडिटिंगमध्येच अडकते : बहुतेक वेळा डिस्क ठीक असते. लॅपटॉपची ताकद कमी पडतेय किंवा सॉफ्टवेअरला तो फॉरमॅट झेपत नाही.

– डिस्कवरून अडकते, कॉपी केल्यावर नीट चालते : वायर, पोर्ट किंवा डिस्क तपासा.

– कॉपी नीट झाली, तरी कुठल्याच कॉम्प्युटरवर चालत नाही : फाइलच अर्धवट आहे. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली तर असं होतं, कारण फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. अशी फाइल डिलीट करू नका. त्याच कॅमेऱ्यातल्या चांगल्या फाइलच्या आधाराने ती कधी कधी दुरुस्त होते.

– कॉपी करतानाच एरर येते : काम तिथेच थांबवा. याबद्दल पुढे.

हिशोब काय सांगतो

आयफोनवर ‘हाय एफिशियन्सी’ सेटिंगमध्ये शूट केलेला ४के, ३० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला साधारण १७० एमबी जागा घेतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम ३ एमबी. जुना यूएसबी २.० पोर्टसुद्धा प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी डेटा देतो. मग एकच क्लिप अडकत असेल तर दोष डिस्कच्या वेगाचा असण्याची शक्यता कमी.

खरी दमछाक होते प्रोसेसरची. या एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. आधीच्या-नंतरच्या चित्रांपासून काय बदललं तेवढंच साठवलेलं असतं. त्यामुळे एक चित्र दाखवायला कॉम्प्युटरला आजूबाजूची अनेक चित्रं जुळवावी लागतात. विंडोजमध्ये एचईव्हीसीचा डीकोडर नसला तर नुसता आवाज येतो. निमाडातल्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असताना लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग आणखी कमी करतो.

यावर उपाय म्हणजे ‘प्रॉक्सी’. सॉफ्टवेअर मूळ व्हिडिओची हलकी प्रत तयार करतं, कापाकापी त्या प्रतीवर होते आणि शेवटची फिल्म मूळ फाइलवरूनच बनते. दर्जा कमी होत नाही. डाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर प्रो आणि फुकट मिळणारं शॉटकट, तिन्हींत ही सोय आहे. प्रॉक्सी आणि कॅशे लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवा.

दोन-तीन कॅमेऱ्यांचं शूटिंग एकदम टाइमलाइनवर असलं तर मात्र फिरती हार्ड डिस्क खरोखर कमी पडते. तिचं हेड एका फाइलवरून दुसऱ्या फाइलवर उड्या मारत राहतं. अशा वेळी चालू काम एसएसडीवर घ्यावं.

वायर आणि पोर्ट

पुष्कळशा पोर्टेबल डिस्कचं सॉकेट रुंद, दोन भागांचं असतं. त्याच्या एका भागात मोबाइलची जुनी मायक्रो यूएसबी वायर बसते आणि डिस्क चालतेही, पण यूएसबी २.० च्या वेगाने. वर, पातळ किंवा लांब वायरमधून डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही, मग ती मध्येच निखळते. डिस्कसोबत आलेली आखूड वायरच वापरा. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावा, हब टाळा.

‘मीडिया ऑफलाइन’ म्हणजे फाइल गेली असं नाही

काल डिस्क ‘ई’ नावाने उघडली, आज पेन ड्राइव्ह आधी लावल्यामुळे ‘एफ’ झाली, की सॉफ्टवेअरला फाइल जुन्या पत्त्यावर सापडत नाही. ‘रीलिंक’ करून नवीन जागा दाखवली की काम पुढे चालू. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून डिस्कला कायमचं एकच अक्षर देता येतं. मध्येच फोल्डरची नावं बदलू नका.

४ जीबीची अडचण

फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. जुन्या मिनी डीव्ही कॅसेटचा एक तास साधारण १३ जीबी होतो, तो तिथे तुकड्यांतच येणार. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे डिस्क फिरणार असेल तर एक्सफॅट बरं. एनटीएफएसची डिस्क मॅकवर वाचता येते, पण त्यावर लिहिता येत नाही. पुण्याच्या पाहुण्यांकडे मॅक असला की हा घोळ हमखास होतो. मात्र पद्धत बदलायची म्हणजे फॉरमॅट आलंच, म्हणून आधी सगळं दुसरीकडे उतरवा.

डिस्कच फॉरमॅट मागत असेल तर

‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा संदेश आला तर रद्द करा. वायर आणि पोर्ट बदला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. उघडली तर सर्वांत मौल्यवान फाइल आधी कॉपी करा, एडिटिंग नंतर. कॉपी होण्याआधी चेकडिस्क चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कवर तो ताण असतो. आतून टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. तोवर तिच्यावर नवीन काहीही लिहू नका.

कॉम्प्युटरच्या जगात जुना नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर. मूळ शूटिंग डिस्कवर, दुसरी प्रत लॅपटॉपवर आणि तिसरी सीमेपलीकडच्या पाहुण्यांकडे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ आकसतो, तो प्रत म्हणून धरू नका. धुळ्या-नाशिककडे कोणी निघालं की एक भरलेली डिस्क त्यांच्या पिशवीत द्या आणि तिथे पोचल्यावर एकदा फाइल उघडून बघायला सांगा.