घरगुती चित्रपटगृहाची ध्वनियोजना आणि मराठी उच्चारांची स्पष्टता

चित्रपट घरी बसून पाहण्याची सोय आता शहरापुरती राहिलेली नाही. बीड जिल्ह्यात सोलापूर–धुळे रस्त्यावर वसलेल्या चौसाळ्यासारख्या गावीही मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच आणि त्याच्या जोडीला ‘होम थिएटर’ घेण्याचा विचार कुटुंबे करू लागली आहेत. अशा प्रथम खरेदीनंतर पुष्कळदा एकच तक्रार ऐकू येते. गाणी दणदणीत वाजतात, स्फोटाने खिडक्या हादरतात, परंतु पात्रे काय बोलतात हे घरातील वडीलधाऱ्यांना कळत नाही. आवाज वाढवला तरी शब्द उमगत नाहीत. हा दोष यंत्राचा की निवडीचा, याचा विचार प्रस्तुत लेखात भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

प्रथम भाषणध्वनींचे स्वरूप पाहिले पाहिजे. बोलण्यातील बहुतेक ऊर्जा स्वरांत असते आणि ती मुख्यतः सेकंदाला १००० कंपनांच्या (१००० हर्ट्झ) खाली एकवटलेली असते. शब्दाशब्दांतील भेद मात्र फार मोठ्या प्रमाणावर व्यंजनांवर अवलंबून असतो, आणि व्यंजने दुबळी व क्षणिक असतात. ‘चौसाळा’ हे ग्रामनामच उदाहरणादाखल घ्यावे. त्यातील आरंभीचा ‘च’ हा ‘चौदा’, ‘चौकट’ यांतल्याप्रमाणे दंततालव्य आहे. तो आणि पुढील ‘स’ यांतील घर्षणाचा मोठा भाग ४००० हर्ट्झच्या वर आढळतो. तालव्य ‘च’चे घर्षण त्याहून खालच्या पट्ट्यात असते. ‘ळ’च्या उच्चारात जिभेचे टोक मागे वळल्यामुळे २००० हर्ट्झच्या आसपासचे अनुनाद बदलतात आणि ‘काल’ व ‘काळ’ हे शब्द वेगळे ऐकू येतात. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ या धातूचा आज्ञार्थ ‘जग’ यांचे लेखन एकच असले तरी उच्चारभेद कानाला प्रतीत होतो, तो अशाच सूक्ष्म घर्षणामुळे. वयोमानाने येणारा श्रवणऱ्हास प्रथम वरच्याच कंपनसंख्यांवर आघात करतो. म्हणून वृद्धांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही.

या नाजूक ध्वनींचा पहिला शत्रू यंत्र नसून खोली होय. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून तेथील एका व्याख्यानगृहाच्या घुमण्याचा अभ्यास केला. नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून, त्या कमीजास्त करून, ध्वनी विरण्यास लागणारा काळ त्यांनी मोजला. त्यातून निघालेला नियम आजही उपयोगी पडतो : खोलीचे घनफळ (घनमीटर) गुणिले ०·१६१, भागिले एकूण शोषण (चौरस मीटर), म्हणजे ध्वनी ६० डेसिबलने विरण्यास लागणारे सेकंद.

१५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच अशी खोली घेऊ. तिचे घनफळ सुमारे ५१ घनमीटर आणि अंतर्गत पृष्ठभाग सुमारे ८४ चौरस मीटर भरतो. स्लॅबचे छत, फरशी आणि गिलावा केलेल्या भिंती सरासरीने शेकडा ५ इतकाच ध्वनी शोषतात असे धरले, तर शोषण ४·२ चौरस मीटर आणि घुमण्याचा काळ जवळजवळ २ सेकंद येतो. एवढ्या अवधीत बोलणारा आठदहा अक्षरे उच्चारून जातो, आणि प्रत्येक अक्षर मागील अक्षरांच्या शेपटाखाली दबते. जाड पडदे, सतरंजी, गाद्या, वाकळा, भरलेली पुस्तकांची मांडणी आणि प्रत्यक्ष माणसे यांच्या योगाने शोषण १६ चौरस मीटरपर्यंत नेले, तर हाच काळ अर्ध्या सेकंदावर येतो. हा लाभ कोणत्याही महागड्या यंत्राने मिळत नाही. मराठवाड्यातील जुन्या माळवदी घरात कडीपाटाचे छत, मातीच्या भिंती आणि सारवलेली जमीन असे. तेथील घुमणे या नव्या खोलीइतके तीव्र नसावे, असा तर्क करता येतो.

जत्रेतील तंबूच्या सिनेमाचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. तेथील कर्ण्याचा आवाज आजच्या मानाने ओबडधोबड असे. पण कापडी कनातीतून ध्वनी बाहेर निघून जाई, फारसा परतत नसे. साध्या साधनाची उणीव परिसर अशा रीतीने काही अंशी भरून काढी.

यानंतर स्पीकरचा प्रश्न येतो. ‘५·१’ या रचनेत समोर डावा, मधला व उजवा, बाजूस किंचित मागे दोन, आणि खर्ज ध्वनीसाठी एक सबवूफर अशी योजना असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार समोरचे दोन स्पीकर श्रोत्यापासून मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस ३० अंशांवर व बाजूचे १०० ते १२० अंशांवर असावेत. चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून ज्या घरात सातआठ माणसे सतरंजीवर पसरून बसतात, तेथे मधला स्पीकर हाच सर्वांत महत्त्वाचा. त्याचे तोंड कानाच्या पातळीकडे असावे, आणि तो कपाटात कोंडलेला नसावा. दोनतीनच श्रोते मध्यभागी बसत असतील, तर दोन उत्तम स्पीकरांनीही काम भागते. सहा सामान्य स्पीकरांपेक्षा असे दोन केव्हाही बरे.

ॲम्प्लिफायरच्या शक्तीविषयी बराच गैरसमज आढळतो. वेष्टनावर छापलेला हजारो वॅटचा ‘पीएमपीओ’ आकडा निरर्थक समजावा, ‘आरएमएस’ वॅट विचारावेत. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटवर ३ मीटर अंतरावर, परावर्तन वगळताही, सुमारे ७७ डेसिबल ध्वनिपातळी देतो. संभाषणाची नेहमीची पातळी ६० ते ६५ डेसिबल असते. शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबलची भर पडते. म्हणजे ५० वॅटवर ९४ डेसिबल मिळतात, आणि उपर्युक्त खोलीस ते पुरेसे आहेत. शिवाय घुमणाऱ्या खोलीत आवाज वाढवला की घुमणेही त्याच प्रमाणात वाढते. शब्द कळण्याच्या दृष्टीने काहीच साधत नाही.

सबवूफरबाबत तर अधिकच संयम हवा. खालच्या कंपनसंख्येचा मोठा ध्वनी वरच्या ध्वनींना झाकून टाकतो, असा श्रवणशास्त्राचा अनुभव आहे. त्यातच वरील मापांच्या खोलीत ३८, ४७ व ५६ हर्ट्झच्या सुमारास अनुनाद उद्भवतात, आणि कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर त्या सर्वांना चेतवतो. तो कोपऱ्यातून थोडा सरकवावा, त्याचे कार्यक्षेत्र ८० हर्ट्झच्या खाली ठेवावे आणि पातळी इतकीच असावी की तो बंद केल्यावरच त्याची उणीव भासावी.

दुकानात परीक्षा कशाने घ्यावी, हा प्रश्न उरतो. स्फोट आणि संगीत यांनी प्रत्येक संच चांगलाच वाटतो. ग्राहकाने परिचित मराठी नाटकाचे किंवा भाषणाचे ध्वनिमुद्रण न्यावे, ते मंद आवाजात लावावे, आणि शक्य तर घरातील वयस्क माणसाला सोबत नेऊन पडद्याकडे पाठ करून ऐकण्यास सांगावे. ‘स’ फुसफुसत नाही ना, ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे राहतात ना, दोन्ही ‘च’ ओळखू येतात ना, हे तपासावे.

तात्पर्य, खर्चाचा क्रम खोली, समोरचे स्पीकर, माफक शक्तीचा रिसीव्हर, त्यानंतर सबवूफर आणि सर्वांत शेवटी बाजूचे स्पीकर असा असावा. बाजूच्या स्पीकरांवाचून चित्रपटाची गोडी थोडी कमी होईल, पण संवाद हरवला तर घरातील वडीलधारी माणसे त्या मेळ्यातून हळूहळू उठून जातात. ती बसून राहावीत, हीच पहिल्या निवडीची खरी कसोटी होय.