गार हवेच्या नळीने पिकअपचा दम खरेच वाढतो का?

सातारा/सांगली - तासगावची द्राक्षे, सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद आणि महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारपेठेत पोचविण्याचा मोठा भार पिकअप गाड्यांवर आहे. माल नाशवंत, भाडे ठरलेले आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला देणे भाग. अशा स्थितीत गाडीची ओढ आणि ॲव्हरेज वाढविण्याचे आश्वासन देणारी कोणतीही वस्तू चालक-मालकांना भुरळ घालते. 'कोल्ड एअर इनटेक' म्हणजेच बाहेरची गार हवा इंजिनाला पुरविणारी नळी आणि तिच्या टोकावरचा शंकूच्या आकाराचा फिल्टर ही त्यांपैकीच एक. मात्र टर्बो डिझेल इंजिनाच्या मालवाहू पिकअपला या नळीचा लाभ नगण्य असून, धुळीच्या रस्त्यांवर तिच्यामुळे इंजिनाचे आयुष्यच घटण्याचा धोका आहे.

कल्पना काय आहे?

या नळीमागचे मूळ तत्त्व खोटे नाही. हवा तापली की विरळ होते. साठ अंश तापमानाच्या हवेपेक्षा चाळीस अंशांची हवा सुमारे सहा टक्के अधिक घन असते. इंजिनात जितकी घन हवा जाईल तितका प्राणवायू अधिक आणि तितकेच अधिक इंधन जाळता येते. बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची हवा घेतली तर शक्ती वाढेल, असा हा युक्तिवाद आहे.

ही पद्धत अमेरिकेत लोकप्रिय झाली ती प्रामुख्याने मोठ्या पेट्रोल इंजिनांच्या गाड्यांमध्ये. पेट्रोल इंजिनाची शक्ती हवेच्या प्रमाणावर ठरते आणि टर्बो नसलेले इंजिन पूर्ण वेगाने फिरत असताना हवेचा मार्ग मोकळा केल्यास थोडीफार वाढ मिळू शकते. मात्र आपल्याकडील पिकअपचे बहुतेक काम कमी फेऱ्यांवर, जड ओझे ओढण्याचे असते. शिवाय अनेक गाड्यांच्या मूळ फिल्टर-पेटीचे तोंड कंपनीनेच बाहेरची हवा मिळेल अशा जागी दिलेले असते. तेथे नव्याने गार करण्याजोगे फारसे उरत नाही. उलट, मूळ पेटी काढून उघडा फिल्टर थेट बॉनेटखाली बसविल्यास इंजिनाला पूर्वीपेक्षा गरम हवा मिळते. नाव गार हवेचे आणि पुरवठा गरम हवेचा, असा तो प्रकार होतो.

डिझेलचे गणित वेगळे

डिझेल इंजिनाची शक्ती हवा अडवून नव्हे, तर इंधनाचे प्रमाण बदलून कमी-जास्त केली जाते. ज्वलनासाठी लागते त्याहून अधिक हवा त्यात साधारणपणे असतेच. पूर्ण भाराच्या वेळी किती डिझेल सोडायचे, याची मर्यादा पंप किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. ती मर्यादा न बदलता हवा थोडी वाढविली, तर धूर किंचित कमी होईल; पण ओढ वाढण्याचे कारण नाही. २००५ मध्ये बाजारात आलेल्या 'टाटा एस'च्या, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या 'छोटा हत्ती'च्या, मूळ ७०२ सीसी इंजिनाला टर्बो नव्हता. तेथेही हाच नियम लागू पडतो.

टर्बो असलेल्या मोठ्या पिकअपमध्ये तर या नळीची भूमिका आणखी गौण ठरते. टर्बोने चाळीस अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली, की तिचे तापमान सुमारे १३० ते १४० अंशांवर जाते. ही हवा गार करण्यासाठी इंजिनापूर्वी इंटरकूलर बसविलेला असतो. नळीने सुरुवातीला दहा अंश वाचविले, तरी इंटरकूलरच्या पलीकडे त्यातील तीन-चार अंशांचाच फरक उरतो. हवेच्या घनतेत तो जेमतेम एक टक्क्याचा भरतो.

घाटात गाडी दमते का?

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना गाडीची ओढ कमी झाल्याचा अनुभव अनेक चालकांना येतो. चढ आणि ओझे ही त्याची मुख्य कारणे असली, तरी उंचीचाही त्यात वाटा असतो. सुमारे १३५० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. ही घट कोणतीही नळी भरून काढू शकत नाही. ते काम टर्बोचे आहे आणि तो धडधाकट असेल तर बऱ्याच अंशी ते करतो. क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेल्या गाडीला मात्र टर्बोही तारू शकत नाही.

खरा प्रश्न धुळीचा

अडीच लिटरचे इंजिन दोन हजार फेऱ्यांवर चालताना, टर्बो नसता तरी, मिनिटाला सुमारे अडीच हजार लिटर हवा ओढते. टर्बोमुळे हे प्रमाण आणखी वाढते. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतील कच्च्या रस्त्यांवर, द्राक्षबागांच्या बांधांवर आणि उसाच्या फडांत ही हवा धुळीने भरलेली असते. धुळीतील वाळूचे सूक्ष्म कण अतिशय कठीण असतात. ते सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढतात, ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगपर्यंत पोचतात आणि टर्बोची पातीही झिजवितात.

हवेला कमी अडथळा करणारा फिल्टर अनेकदा धुळीलाही कमी अडवितो. समजा, वर्षभरात एक किलो धूळ फिल्टरपर्यंत आली. फिल्टरची कार्यक्षमता ९९.५ टक्के असेल, तर पाच ग्रॅम धूळ इंजिनात जाईल. ती ९८.५ टक्के असेल, तर पंधरा ग्रॅम. कागदावर फरक एका टक्क्याचा, पण इंजिनात जाणारी धूळ तिप्पट. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. कालांतराने ऑइल खाणे, निळा धूर आणि घटलेले कॉम्प्रेशन या रूपाने तो समोर येतो आणि तेव्हा इंजिन उघडण्यावाचून मार्ग नसतो.

तेल लावलेल्या सुती जाळीच्या फिल्टरचा आणखी एक त्रास आहे. तेल जास्त झाल्यास ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसून त्याचे मोजमाप बिघडवू शकते. नळीचे तोंड बंपरजवळ खाली आणल्यास पाण्याचा धोकाही वाढतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कृष्णाकाठाला हे वेगळे सांगावयास नको. पाणी दाबले जात नाही; ते सिलिंडरमध्ये शिरले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

मग फरक जाणवतो तो का?

नळी बसविल्यावर गाडी हलकी झाल्याचे सांगणारे चालक खोटे बोलत असतात, असे नाही. मूळ पेटी आवाजही दाबते. ती काढल्यावर हवा ओढल्याचा आवाज वाढतो आणि तो जोर वाढल्यासारखा भासतो. दुसरे म्हणजे, नव्या नळीसोबत जुना, चोंदलेला फिल्टर निघून जातो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत असे दिसले, की इंजेक्शन प्रणालीच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत चोंदलेला फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज सुधारले नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र सुधारली. हा लाभ कंपनीच्या साध्या नव्या फिल्टरनेही मिळतो.

कायदा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. फिल्टरच्या नळीची नोंद प्रमाणपत्रात नसते. पण तिच्यामुळे धूर किंवा आवाजाची मर्यादा ओलांडली गेल्यास कारवाई होऊ शकते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'बीएस-६' निकषांच्या गाड्यांत हवेचे मोजमाप आणि धुराची यंत्रणा एकमेकांशी जोडलेली आहे. तेथे अशी ढवळाढवळ केल्यास वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

आधी हे तपासावे

गाडी ओढत नसेल, तर प्रथम हवेचा आणि डिझेलचा फिल्टर पाहावा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतची रबरी नळी फाटलेली नाही ना, तिच्या पट्ट्या सैल नाहीत ना, हे तपासावे. तेथून दाब निसटला की ओढ कमी होऊन काळा धूर येतो. इंटरकूलरच्या जाळीत अडकलेला चिखल काढावा. क्लच घसरतो का, ब्रेक धरून राहतात का आणि टायरमधील हवा योग्य आहे का, हेही पाहावे. धुळीच्या भागात फिल्टर लवकर बदलावा. मात्र कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने तो झोडपू नये, कारण त्याचा कागद फाटू शकतो.

तरीही नळी बसवून पाहायची असेल, तर आधी कंपनीचा नवा फिल्टर टाकून तुलना करावी. तोच रस्ता, तेच ओझे, तोच गिअर ठेवावा आणि टाकी काठोकाठ भरून दोन्ही वेळचे डिझेल मोजावे. अशा तुलनेत जो फरक उरेल, तेवढाच नळीचा. बाकीचे श्रेय नव्या फिल्टरचे.