ज्याला बदलता येत नाही, त्याचा डेस्कटॉप

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, कोरगावसारख्या गावात घरी नि झेरॉक्सच्या दुकानात चालणारे जुने संगणक या अटीत बसणारे नाहीत. म्हणून ते भंगारात घालायचे कारण नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली त्यांच्यावर अजून बरीच वर्षे चालेल. गोव्याला हे नवे नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘गोवा सुधारोप’ या परदेशस्थ गोमंतकीयांच्या संस्थेच्या पुढाकाराने परदेशातले वापरलेले संगणक इथल्या शाळांत आले आणि लिनक्सवर चालले.

अडते ते पुढे. लिनक्समध्ये डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची खिडक्या-मेनूंची मांडणी, एकच नसते. केडीई १९९६चा, ग्नोम १९९७चा, शिवाय एक्सएफसीई, सिनॅमन, माटे. यांतला कुठला डेस्कटॉप? बहुतेक माणसे पहिल्या दिवशी समोर आला तोच कायम वापरतात. म्हणजे निवड खरी करतो तो बसवून देणारा, शिकलेला भाचा नाहीतर दुकानदार. तो स्वतःला आवडणारा घालतो, आणि घोळ तिथेच होतो.

डेबियन या लिनक्स वितरणाने २०१३च्या अखेरीस ग्नोम बाजूला करून हलका एक्सएफसीई डिफॉल्ट केला होता. २०१४च्या सप्टेंबरात निर्णय फिरला, आणि ग्नोममधल्या अपंगांसाठीच्या सोयी हे त्याचे एक मोठे कारण होते. मला हे कारण फार मोलाचे वाटते. डोळस माणूस नको असलेला डेस्कटॉप काढून दुसरा घालू शकतो. ज्याला पडदा दिसत नाही, त्याला तो वाचून दाखवणारा ओर्का हा प्रोग्रॅम पहिल्या मिनिटापासूनच हवा.

आपल्याकडे हीच कसोटी मराठी टायपिंगला लावावी. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत ‘कोरगाव’ लिहायला के, ए, जे, आय, ई, बी या सहाच कळा पुरतात. ग्नोममध्ये सेटिंग्जमधून मराठी कीबोर्ड जोडला की विंडोज चिन्हाची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. एक्सएफसीईवर ही व्यवस्था बऱ्याचदा वेगळी लावावी लागते, आणि ती न लावताच संगणक हातात दिला, तर घरातल्या आजोबांचा ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज पुन्हा कागदावरच लिहिला जातो.

विंडोजची सवय असलेल्यांना मी लिनक्स मिंट या वितरणाचा सिनॅमन सुचवीन, कारण खालची पट्टी आणि मेनू ओळखीच्या जागी सापडतात. २०११मध्ये ग्नोम ३ने नेमकी तीच मांडणी मोडली, म्हणून तर सिनॅमन आणि माटे जन्मले. रॅम चार जीबीहून कमी असेल तर मात्र एक्सएफसीईच बरा. कुठलाही घाला, पण ज्याचा संगणक आहे त्याला शेजारी बसवून, त्याच्याच हाताने एक मराठी पत्र लिहून छापून घ्या आणि मगच उठा.