रत्नागिरीचे नगर वाचनालय आणि मांडीवरचा वाचक

रत्नागिरीत 1828 साली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून सुरू झालेले आणि आज रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय या नावाने ओळखले जाणारे ग्रंथालय महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे. मराठी मुलखातील अशा वाचनालयांची घडण, म्हणजे अनामत रक्कम, वर्गणी, पुस्तकांची देवघेव आणि वृत्तपत्रांची मेजे, अक्षरओळख झालेला सभासद डोळ्यांपुढे ठेवून झाली. त्यामुळे सहा वर्षांखालील मूल, जे मोठ्यांच्या मांडीवर बसून ऐकते, पण स्वतः वाचत नाही, त्याला वाचक मानायला मोठा काळ जावा लागला.

असे मांडीवर बसून ऐकणे बालस्वास्थ्याशी जोडलेले आहे, कारण या संज्ञेत शरीराच्या वाढीबरोबरच जवळच्या माणसाविषयीचा विश्वास, भावना ओळखण्याची व आवरण्याची शक्ती आणि भाषेची उमज यांचाही समावेश होतो. सहवाचन, म्हणजे मुलाला जवळ घेऊन मोठ्याने वाचणे व मध्येच थांबून त्याच्याशी बोलणे, या तिन्हींना एकाच वेळी पोषक ठरते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली जन्मापासूनच मुलांना वाचून दाखवण्याची शिफारस केली. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचासारखे, घरातल्या माणसांची ओळख करून देणारे पुस्तक उघडले, की तीन वर्षांचे मूल चित्रातल्या आजीवर बोट ठेवते, मग आपल्या आजीकडे पाहते, पान उलटू देत नाही आणि गोष्ट संपताच ‘पुन्हा’ म्हणते. या हट्टाला मोठ्यांनी कंटाळू नये, कारण पुढे काय येणार हे ठाऊक असण्यातच त्या वयाला निर्धास्त वाटते. शिवाय चित्रपुस्तके महाग असतात आणि मूल ती लवकर मागे टाकते; एकच प्रत अनेक घरांत फिरवणारे वाचनालय त्यामुळे येथे फार मोलाचे ठरते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 मुळे ग्रंथालयांना वर्गवारीनुसार शासकीय अनुदानाची चौकट मिळाली आणि बालविभाग हा मोठ्या ग्रंथालयांचा ओळखीचा भाग झाला. युनेस्कोच्या 1994 च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातही लहान वयापासून वाचनाची सवय लावणे हे पहिले कार्य म्हणून नोंदले आहे. तरीही बालविभाग बहुधा वाचू लागलेल्या मुलांपासून सुरू होतो, ही उणीव गंभीर आहे. मुलाच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे, जाड पुठ्ठ्याची पुस्तके, बसायला सतरंजी आणि आईबाबा-आजीआजोबांना बोलत वाचण्याची मुभा एवढ्यावरही आरंभ होऊ शकतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील वस्ती मात्र डोंगरउतारावरच्या विखुरलेल्या वाड्यांची, आणि पावसाळ्यात शहर गाठणे तान्ह्या मुलाच्या आईला अवघडच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाड परिसरात शिक्षण मुलांच्या अंगणात नेले, तोच मार्ग ग्रंथालयांनीही धरावा, आणि 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या अंगणवाड्यांत पुस्तकांची फिरती पेटी पोहोचवावी. कोकणच्या दमट हवेत पुस्तकांना बुरशी लवकर धरते, तेव्हा पेटी घट्ट झाकणाची हवी. आणि फाटलेल्या पानाचा दंड घेऊ नये, कारण त्या धास्तीने घरातले पुस्तक मुलाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर जाऊन बसते.