‘रब्बुल आलमीन’चा अर्थ जगलेला माणूस

रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजसाठी मशिदी भरून जातात. प्रत्येक रकातीत ‘सूरह फातिहा’ म्हटली जाते. अवघ्या 7 आयतींची ही प्रार्थना. तिच्यात अल्लाहला ‘रब्बुल आलमीन’ म्हटले आहे. म्हणजे साऱ्या विश्वांचा पालनकर्ता. एका कौमेचा नव्हे, सर्वांचा. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या सार्वजनिक जीवनाचा पाया या दोन शब्दांत सापडतो.

1888 मध्ये मक्केत जन्मलेले आझाद पीर घराण्यातले. कोलकात्यात वडिलांचे मुरीद होते, पण आझादांनी पीर होणे नाकारले. 1912 मध्ये त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढले आणि कुरआनच्या आधारे गुलामीविरुद्ध लिहिले. प्रेस कायद्याचा बडगा बसला व 1914 मध्ये पत्र बंद पडले. पुढे रांचीत नजरकैद झाली. 1922 मध्ये राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा त्यांनी आरोप नाकारला नाही. जुलमी सत्तेला जुलमी म्हणणे हे मुसलमानाचे धर्मकर्तव्यच आहे, असे त्यांनी लेखी निवेदनात मांडले. त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

‘तर्जुमानुल कुरआन’मध्ये त्यांनी फातिहावर विस्तृत भाष्य केले. दीन, म्हणजे धर्माचे मूळ, एकच आहे. विधी आणि नियम देशकालानुसार वेगळे असतात, हा त्याचा गाभा. 1940 मध्ये रामगढ काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मुसलमान असण्याचा आणि भारतीय असण्याचा अभिमान एकाच भाषणात सांगितला. त्याच महिन्यात लाहोरला मुस्लिम लीगने वेगळ्या राज्यांची मागणी केली. आझादांच्या वाट्याला स्वकीयांची हेटाळणी आली.

या निष्ठेची किंमत त्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात मोजली. 1942 पासून ते तिथे नेहरू, पटेल आदी नेत्यांसह कैदेत होते. कोलकात्यात पत्नी जुलेखा बेगम मरणपंथाला लागल्या. सरकारकडे विनंती करावी, असे सुचवले गेले. आझादांनी ती केली नाही. एप्रिल 1943 मध्ये बेगम गेल्या. भेट झालीच नाही. किल्ल्याच्या आवारात कुणा अनोळखी माणसाची जुनी कबर होती. त्या दिवसांत तिच्याविषयी वाटलेली जवळीक त्यांनी पत्रात लिहून ठेवली. न पाठवलेली ती पत्रे पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आली.

स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. तरुणपणी सतार शिकलेल्या या आलिमाच्या काळातच संगीत नाटक, साहित्य आणि ललित कला या तिन्ही अकादमी उभ्या राहिल्या. 1958 मध्ये त्यांचे निधन झाले.

माणूस धर्माला जितका घट्ट, तितका तो इतरांपासून दूर, असे आज सर्रास गृहीत धरले जाते. आझादांचे आयुष्य नेमके उलट सांगते. आज रात्रीही तरावीहमध्ये तेच दोन शब्द उमटतील. त्यातल्या ‘सर्वां’मध्ये शेजारचे घर येते की नाही, एवढे मात्र प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारायचे आहे.